निगा की पाळत? : मनःस्वास्थ्याच्या यंत्रद्वारा नोंदी आणि तरुणांची दृष्टी

१. विषयप्रवेश

एखाद्यावर सातत्याने लक्ष ठेवण्याच्या क्रियेस मराठीत दोन निराळे शब्द आहेत. आजाऱ्याची, तान्ह्या मुलाची, अंगणातील रोपाची आपण 'निगा' राखतो. संशयिताच्या घरावर 'पाळत' ठेवतो. दोन्ही क्रियांत डोळा तोच असतो, सातत्य तेच असते आणि पुष्कळदा साधनही तेच असते. भेद असतो तो पाहणाऱ्याच्या हेतूत आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याच्या अनुभवात. 'मॉनिटरिंग' हा इंग्रजी शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. त्यात हा भेद लोपून जातो. आणि भेद लोपला की त्याविषयी प्रश्न विचारण्याचेही राहून जाते.

प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतलेला प्रश्न असा : मोबाइल फोन, मनगटावरील स्मार्टवॉच आणि त्यांतील ॲप्स ह्यांच्या साहाय्याने मनःस्वास्थ्याच्या नोंदी ठेवण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांविषयी तरुणांस काय वाटते, आणि त्यांच्या ह्या वाटण्यास शास्त्रीय दृष्ट्या किती महत्त्व द्यावयाचे? सामान्यतः असे मानले जाते की, साधन अचूक आहे किंवा नाही हा शास्त्राचा प्रश्न, आणि ते लोकांस रुचते किंवा नाही हा प्रचाराचा प्रश्न. हे विभाजन सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मनाच्या मापनात, ज्याचे मापन व्हावयाचे त्याचा विश्वास ही मापनाचीच एक अट असते. ती अट सुटली की साधन केवळ अप्रिय ठरत नाही, ते चुकीचे ठरते. हेच पुढील विवेचनात दाखवावयाचे आहे.

'तरुण' हा शब्द येथे साधारणतः १८ ते २५ ह्या वयाच्या व्यक्तींस उद्देशून योजिला आहे. हा वयोगट निवडण्यास कारण आहे. अमेरिकेतील रोनाल्ड केसलर व त्यांचे सहकारी ह्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आयुष्यात केव्हा ना केव्हा जडणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत, आणि तीन-चतुर्थांशांचा आरंभ २४ व्या वर्षापर्यंत झालेला असतो. म्हणजे ज्या वयात मनुष्य घर सोडतो, वसतिगृहात राहू लागतो, परीक्षा व उपजीविका ह्यांच्या विवंचनेत सापडतो, त्याच वयात विकाराचा आरंभही घडत असतो. दुसऱ्या बाजूने, बंगलोरच्या 'निम्हान्स' ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. विकार लवकर सुरू होतो आणि उपचार उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही. ही दरी यंत्राच्या योगाने बुजविता येईल काय, हा ह्या सर्व प्रयत्नांमागील प्रामाणिक प्रश्न होय.

२. यंत्र नेमके काय टिपते

ह्या नोंदींचे दोन प्रकार प्रथम ध्यानात घेतले पाहिजेत. पहिल्या प्रकारात व्यक्ती स्वतः उत्तर देते. ठरावीक वेळी फोनवर प्रश्न येतो, 'आत्ता आपणांस कसे वाटते?' आणि ती एक आकडा किंवा चित्र निवडते. ही कल्पना फोनहून जुनी आहे. मिहाय चिकसेंटमिहाय व रीड लार्सन ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात शिकागो परिसरातील किशोरवयीन विद्यार्थ्यांजवळ पेजर दिले होते. दिवसातून कोणत्याही क्षणी पेजर वाजे आणि विद्यार्थ्याने त्या क्षणी आपण कोठे आहोत, काय करीत आहोत व मनःस्थिती कशी आहे हे कागदावर लिहावयाचे असे. महिन्याच्या अखेरीस मागे वळून आठवण्यापेक्षा क्षणाची नोंद क्षणीच घ्यावी, हे ह्या पद्धतीचे तत्त्व होते.

दुसऱ्या प्रकारात व्यक्तीस काहीच सांगावे लागत नाही. फोन तिच्या खिशात असतो आणि तिच्या हालचाली, झोपेच्या वेळा, फिरण्याची ठिकाणे, पडदा उघडण्या-मिटण्याचे प्रमाण आपोआप टिपतो. ह्या प्रकाराचे एक सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात अँड्र्यू कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या वसंत सत्रात केलेला 'स्टुडंटलाइफ' हा अभ्यास होय. दहा आठवड्यांपर्यंत ४८ विद्यार्थ्यांच्या फोनवरून अशा नोंदी घेण्यात आल्या. भोवती संभाषण चालले आहे किंवा नाही एवढेच मायक्रोफोनवरून ताडले जाई; शब्द साठविले जात नसत. सत्राच्या आरंभी विद्यार्थी उत्साही होते, त्यांची झोप पुरेशी होती, संभाषणे भरपूर होती. अभ्यासाचा भार वाढत गेला तसतसा ताण वाढला, आणि झोप, संभाषण व हालचाल ही तिन्ही घटली. नैराश्याच्या प्रश्नावलीत ज्यांचे गुण अधिक आले, त्यांची झोप व संभाषणे इतरांच्या मानाने कमी असल्याचेही दिसले. पुढे त्याच संस्थेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांचा संपूर्ण चार वर्षांच्या शिक्षणकाळात असाच मागोवा घेण्यात आला. त्या काळातच कोविडची साथ येऊन गेली.

ह्या अभ्यासांचे महत्त्व मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्याचे मन परीक्षेच्या आठवड्यात कसे आक्रसत जाते ह्याचे एवढे सूक्ष्म चित्र पूर्वी कोणाजवळ नव्हते. तथापि हे विद्यार्थी आपण होऊन सहभागी झालेले होते, कशाची नोंद होणार हे त्यांस सांगितलेले होते, आणि नोंदी वाचणारे संशोधक होते. ही परिस्थिती बदलली की तेच यंत्र निराळी वस्तू बनते.

३. अनुमानाच्या वाटेवरील खाचा

फोन मन मोजीत नाही. तो हालचाल मोजतो आणि तीवरून मनाविषयी अनुमान बांधले जाते. नैराश्यात मनुष्य घराबाहेर पडेनासा होतो, हे निरीक्षण खरे आहे. परंतु जो घराबाहेर पडत नाही तो निराश आहे, हा उलटा सिद्धांत त्यातून निघत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एखादा तरुण घ्या. तो सकाळी अभ्यासिकेत शिरतो, दुपारी खानावळीत जेवून परततो आणि रात्रीपर्यंत त्याच खुर्चीवर असतो. फोन बहुधा बंद, संभाषण जवळजवळ नाही, दिवसाचे चालणे काही शे पावले. यंत्राच्या हिशेबी हे सर्व लक्षण चिंताजनक आहे. प्रत्यक्षात तो आपल्या आयुष्यातील सर्वांत उमेदीच्या काळात असू शकेल. किंवा तिसऱ्या अपयशानंतर आतून खचलेलाही असू शकेल. दोन्ही अवस्थांत नोंद मात्र एकच येईल. गणेशोत्सवाच्या दहा रात्री ढोल-ताशा पथकात घालविणाऱ्या तरुणीची झोप विस्कटलेली दिसेल. तिचे मन त्या दिवसांत कदाचित वर्षातील सर्वांत प्रसन्न असेल.

ज्या घरात एक फोन दोघा भावंडांत वापरला जातो, तेथे नोंद नेमकी कोणाची हा प्रश्नही उरतोच. ह्या अडचणी केवळ तर्काच्या नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ ते २०२१ ह्या चार वर्षांत सुमारे ५०० व्यक्तींच्या फोन व मनगटी यंत्रांवरील नोंदी जमविल्या, आणि नैराश्य ओळखण्याच्या त्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या पद्धती त्यांवर तपासून पाहिल्या. एका समूहावर यशस्वी ठरलेली पद्धत दुसऱ्या समूहावर वा दुसऱ्या वर्षी लावली असता तिचे यश फार घटते, असा त्यांचा २०२२ मधील निष्कर्ष आहे. एका विद्यापीठाच्या मर्यादेतच जर असे घडत असेल, तर अमेरिकेत घडविलेले माप लातूर किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात जसेच्या तसे चालेल अशी अपेक्षा कशी करावी?

संख्येचीही एक बाजू आहे. ती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करू. एका महाविद्यालयात १००० विद्यार्थी आहेत व त्यांपैकी ५० जणांस खरोखरी गंभीर त्रास आहे असे समजू. यंत्र बरेच चांगले आहे, म्हणजे त्रास असलेल्या शंभरांतील ८० जणांस ते ओळखते, आणि त्रास नसलेल्या शंभरांतील ९० जणांस योग्य प्रकारे वगळते, असेही धरू. तर ५० पैकी ४० विद्यार्थी सापडतील व १० सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी विद्यार्थ्यांपैकी मात्र ९५ जणांवर चुकून शिक्का बसेल. एकूण १३५ इशाऱ्यांपैकी केवळ ४०, म्हणजे तीसांहून थोडे कमी टक्के, खरे ठरतील. अशा इशाऱ्याचा परिणाम समुपदेशकाने मायेने विचारपूस करण्यापुरता असेल, तर ९५ चुका फारशा बोचणार नाहीत. पण परिणाम म्हणून वसतिगृह-अधीक्षकाचा पालकांस फोन जाणार असेल, तर त्या ९५ घरांत काय घडेल ह्याचा विचार करावयास हवा. साधनाच्या चुकीची किंमत साधनात ठरत नाही. इशाऱ्यानंतर काय होते त्यावर ती ठरते.

४. तरुणांचे मत : बोललेले आणि न बोललेले

तरुण पिढी फोनवर सर्व काही उघड करते, तेव्हा तिला खाजगीपणाची पर्वा नाही, असे वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकावयास मिळते. ह्या विषयावरील संशोधन मात्र ह्या समजुतीस पुष्टी देत नाही. त्यातून दिसणारी संमती सशर्त असते, आणि त्या शर्ती बऱ्याच नेमक्या असतात.

पहिली शर्त माहितीच्या प्रकाराविषयी आहे. अमेरिकेतील प्रौढ व्यक्तींच्या एका पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, असे दिसले की झोप, मनःस्थिती व व्यायाम ह्यांच्या नोंदी देण्यास लोक तुलनेने तयार असतात. आपण कोठे गेलो व कोणाशी बोललो ह्यांच्या नोंदी देण्यास ते बरेच नाखूष असतात. दुसरी शर्त माहिती वाचणाऱ्याविषयी आहे. त्याच पाहणीत डॉक्टरास नोंद दाखविण्याची तयारी कुटुंबीयांस दाखविण्याच्या तयारीपेक्षा अधिक होती. आपल्याकडील वाचकास हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु थोडा विचार केला असता ते तसे वाटू नये. आपले दुःख आईवडिलांपासून लपविण्यामागे अविश्वासापेक्षा पुष्कळदा त्यांना ते झेपणार नाही ही काळजीच असते. शेतीवर कर्ज काढून मुलास शहरात पाठविलेल्या बापास 'तुमच्या मुलाचे मन ठीक नाही' असा संदेश एखाद्या यंत्राकडून पोहोचावा, ही कल्पनाच त्या मुलास अस्वस्थ करील.

तिसरी शर्त ताब्याविषयी आहे, आणि येथे आपल्या प्रदेशाचा प्रत्यक्ष संबंध येतो. 'माइंडकाइंड' ह्या नावाचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प 'वेलकम' ह्या ब्रिटिश निधीच्या साहाय्याने भारत, दक्षिण आफ्रिका व ब्रिटन ह्या तीन देशांत १६ ते २४ वयाच्या व्यक्तींसाठी राबविण्यात आला. भारतातील काम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राकडे होते. तरुणांच्या मानसिक आरोग्याविषयीच्या माहितीचा एक जागतिक कोष उभारावयाचा झाल्यास तो कोणाच्या ताब्यात असावा, त्यातील माहिती कोणी व कोणत्या अटींवर वापरावी, ह्याचा निर्णय कोणी करावा, असे प्रश्न त्यात स्वतः तरुणांपुढेच ठेवण्यात आले. ह्या प्रकल्पाची रचनाच येथे बोधप्रद आहे. यंत्र तयार झाल्यावर 'हे तुम्हांस आवडले काय?' असे विचारण्याऐवजी, यंत्रामागील नियम कसे असावेत हे आधी विचारण्यात आले. मत घेणे आणि निर्णयात वाटेकरी करून घेणे ह्यांतील अंतर ह्यावरून ध्यानात येईल.

मत केवळ शब्दांनी व्यक्त होते असेही नाही. मनःस्वास्थ्यविषयक ९३ लोकप्रिय ॲप्सच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप उतरवून घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.९ टक्के आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के आढळले. हा आकडा सर्व वयांच्या लोकांचा आहे. तथापि त्याचा अर्थ स्पष्ट आहे. बहुसंख्य लोक विरोध नोंदवीत नाहीत; ते निघून जातात. दररोज 'कसे वाटते?' असे विचारणारे आणि उत्तर ऐकून काहीच न करणारे यंत्र लवकरच कंटाळवाणे होते. रोज प्रकृती विचारणाऱ्या पण कधी औषध न देणाऱ्या शेजाऱ्यास आपण जे उत्तर देतो, तेच उत्तर त्यासही मिळू लागते : 'ठीक आहे.'

५. दोन घटनांचा बोध

विश्वास कसा तुटतो हे समजण्यासाठी परदेशांतील दोन घटना पाहणे उपयुक्त होईल. दोन्ही ठिकाणी संस्था सेवाभावी होत्या आणि हेतू चांगला होता. म्हणूनच त्यांपासून शिकण्यासारखे अधिक आहे.

ब्रिटनमधील 'समॅरिटन्स' ही संस्था १९५३ पासून निराशेने ग्रासलेल्यांस दूरध्वनीवरून आधार देत आली आहे. तिने २९ ऑक्टोबर २०१४ रोजी 'समॅरिटन्स रडार' नावाचे साधन सुरू केले. एखाद्याने ते घेतले की, तो ट्विटरवर ज्यांचे लेखन वाचत असे त्या सर्वांचे लेखन यंत्राकडून तपासले जाई, आणि त्यांत निराशासूचक शब्द आढळल्यास साधन घेणाऱ्यास ई-मेलने सूचना जाई. मित्राने मित्राची वेळीच दखल घ्यावी, हा उद्देश. परंतु ज्यांचे लेखन तपासले जात होते त्यांस कोणी विचारले नव्हते व कळविलेही नव्हते. स्वतः मनोविकाराशी झुंजणाऱ्या अनेकांनी आक्षेप घेतला की, आम्ही आमच्यासारख्यांशी मोकळेपणाने बोलत होतो, ती जागाच आता सुरक्षित उरली नाही. शिवाय आमच्या दुबळ्या क्षणाची वर्दी मित्रासच मिळेल असे नाही, छळ करणाऱ्यासही मिळेल. दहा दिवसांच्या आत, ७ नोव्हेंबर २०१४ रोजी, ते साधन स्थगित करण्यात आले. ज्या संस्थेची सारी प्रतिष्ठा 'ऐकून घेणे' ह्या एका गुणावर उभी होती, तिलाही 'ऐकणे' आणि 'चोरून ऐकणे' ह्यांतील सीमारेषा दिसली नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' ह्या संस्थेची. संकटात सापडलेली व्यक्ती, आणि त्यांत तरुण पुष्कळ, फोनवर मजकूर लिहून ह्या संस्थेच्या स्वयंसेवकाशी बोलू शकते. ह्या संभाषणांतील नावगाव काढून टाकलेली माहिती संस्थेने स्वतःशी संलग्न अशा एका व्यापारी कंपनीस उपलब्ध करून दिली होती, आणि ती कंपनी ग्राहकसेवेची साधने विकीत होती, ही गोष्ट जानेवारी २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. नियमावलीत संमतीचा उल्लेख होता व नावे वगळलेली होती, हे संस्थेचे म्हणणे. तरीही टीका एवढी झाली की काही दिवसांतच हा व्यवहार बंद करावा लागला. मरणाच्या विचाराशी झगडत असताना एका लांबलचक नियमावलीस दिलेला होकार हा होकार म्हणावयाचा काय, हा प्रश्न त्या निमित्ताने सर्वांसमोर आला.

पहिल्या घटनेत विचारलेच गेले नाही. दुसऱ्या घटनेत विचारले गेले, पण ज्यास विचारले तो उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता. संमती ही कागदावरील सही नव्हे, हा दोहोंचा समान बोध होय.

६. विश्वास ही मापनाची अट

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. तापमापकास रोग्याचा विश्वास संपादावा लागत नाही. ज्वर लपविता येत नाही. मनाच्या बाबतीत असे नाही. नैराश्य जोखण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नऊ प्रश्न असून प्रत्येकास शून्य ते तीन, असे एकूण सत्तावीसपर्यंत गुण मिळतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःस इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. प्रश्नावलीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच, आणि सर्वांत सहज खोटे उत्तर देता येईल असाही तोच.

एक विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. तिच्या महाविद्यालयाने सर्व विद्यार्थ्यांस एक ॲप घ्यावयास सांगितले आहे. रात्री अकरा वाजता खोलीवर एकटी असताना तिच्या फोनवर हा नववा प्रश्न येतो. खरे उत्तर 'होय, बरेच दिवस' असे आहे. परंतु उत्तर दाबण्यापूर्वी तिच्या मनात काही प्रश्न येतात. हे कोण वाचील? प्राचार्य वाचतील काय? घरी कळवतील काय? शिक्षण थांबवून परत बोलावतील काय? उद्या नोकरीच्या वेळी हे निघेल काय? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे निश्चित उत्तर तिच्याजवळ नसेल, तर ती शून्यावर बोट ठेवील व फोन बाजूस ठेवील. यंत्रात नोंद होईल : धोका नाही. तिला मदतीची गरज होती व तिला विचारलेही गेले होते. तरी ती मदतीपासून आणखी एक पाऊल दूर गेली, कारण आता तिच्या नावावर 'ठीक आहे' असा पुरावा जमा झाला.

यावर कोणी म्हणेल की, म्हणूनच न विचारता होणाऱ्या नोंदी अधिक विश्वसनीय. पावले व झोप ह्यांत खोटे बोलता येत नाही. हा युक्तिवाद दोन कारणांनी टिकत नाही. एक तर फोन खोलीवर ठेवून जाता येते, स्थानाची नोंद बंद करता येते, जुना फोन महाविद्यालयासाठी व नवा स्वतःसाठी असेही करता येते. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. अमुक हालचाल म्हणजे नैराश्य, हे यंत्र आपणहून जाणत नाही. काही लोकांच्या हालचाली व त्याच लोकांनी प्रश्नावलीस दिलेली उत्तरे शेजारी ठेवून ते त्यास शिकवावे लागते. म्हणजे मूक नोंदींच्या मुळाशीही शेवटी माणसाचे बोललेले शब्दच असतात. ती उत्तरे भयापोटी दिलेली असतील तर यंत्र भयच शिकेल, आणि पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्यावर तेच माप लावील.

ह्यात आणखी एका दोषाची भर पडते. ज्यांस विश्वास वाटत नाही ते सहभागीच होत नाहीत. आणि विश्वास न वाटण्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या अनुभवातच असते. ज्याची पूर्वी थट्टा झाली, ज्याचे गुपित फुटले, ज्याच्या जातीवरून वा लैंगिकतेवरून त्यास हिणविले गेले, तो आपले मन कोणत्याही यंत्रात उघडे करण्यास सर्वांत शेवटी तयार होईल. म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे, नेमके तेच नमुन्यातून गळतात. तरुणांची शंका हा यंत्राच्या प्रसारातील अडथळा मानण्याऐवजी, यंत्राच्या दोषाची ती पहिली खूण मानणे अधिक शास्त्रीय होय.

७. कायदा व आपल्याकडील परिस्थिती

भारतात ह्या विषयास कायद्याची चौकट आहे, पण ती सर्व बाजूंनी सांधलेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व २४ व्या कलमांनी मनोरुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आणि तो विद्युत् माध्यमात साठविलेल्या माहितीसही लागू केला; जीवितास धोका असल्यास अपवादही सांगितले. परंतु ॲप वापरणारी सामान्य विद्यार्थिनी ही रुग्ण नव्हे आणि ॲप चालविणारी कंपनी ही डॉक्टर नव्हे. त्यामुळे ह्या कलमांचे छत्र तिच्या डोक्यावर येतेच असे नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक व बिनशर्त असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तत्त्व घालून दिले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांत अंमलबजावणीचे टप्पे ठरविले गेले. ह्या कायद्याच्या ९ व्या कलमात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर माहिती-संस्थांनी यंत्राद्वारे पाळत ठेवू नये असाही सामान्य निर्बंध आहे. अठरावे वर्ष पूर्ण होताच मात्र तो निर्बंध गळतो आणि सर्व भार त्या तरुणाच्या एका होकारावर येऊन पडतो. म्हणूनच हा होकार कोणत्या परिस्थितीत मागितला जातो ह्यास महत्त्व आहे. प्रवेशअर्जाच्या शेवटी, शुल्क भरण्याच्या रांगेत उभे असताना मागितलेला होकार कायद्याने कदाचित चालेल. 'बिनशर्त' ह्या शब्दाचा आत्मा त्यात नसतो.

सेवेच्या बाजूने काही प्रगती झाली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी-सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चालू झाली व ती मराठीतही उपलब्ध आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत सांगितले आहे. येथेच एका धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. समुपदेशक नेमण्यास वेतन लागते. ॲप त्या मानाने स्वस्त पडते. इशारा देणारे यंत्र आहे पण इशाऱ्यावर धावून जाणारे माणूस नाही, अशी स्थिती निर्माण झाल्यास ती यंत्र नसण्याहून वाईट होय. कारण मग संस्थेस सर्व कळत होते, आणि तरी कोणी आले नाही, असे घडेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून यंत्र त्याज्य आहे असा निष्कर्ष निघत नाही. आपली झोप केव्हापासून बिघडली, कोणत्या दिवसांत मन खचते, हे स्वतःच्याच नोंदींवरून पाहू शकणारा तरुण डॉक्टरापुढे अधिक नेमकेपणाने बोलू शकतो. मनाविषयी बोलावयास शब्द अपुरे पडतात, तेथे पंधरा दिवसांचा एक साधा आलेख बोलका ठरतो. हा लाभ खरा आहे, आणि तरुणांस तो कळतोही.

निगा आणि पाळत ह्यांतील भेद ओळखण्यासाठी कोणत्याही नव्या साधनास पुढील चार प्रश्न विचारावेत, एवढीच ह्या लेखाची सूचना आहे. पहिला : नोंद सर्वप्रथम कोण वाचतो? ती स्वतः त्या व्यक्तीच्या हाती प्रथम येत असेल, तर ती निगा होण्याची शक्यता अधिक. दुसरा : 'नाही' म्हणण्याची किंमत काय? नकार दिल्याने गुण, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती ह्यांवर परिणाम होत असेल, तर होकारास अर्थ उरत नाही. तिसरा : नोंद थांबविता व पुसता येते काय, आणि तीही कोणास कारण न सांगता? चौथा, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा : इशारा निघाल्यावर कोण येतो? येणाऱ्याचे नाव त्या तरुणास आधी ठाऊक असावे. शक्य तर ते त्यानेच निवडलेले असावे.

हे चार प्रश्न तरुण मंडळी आपापल्या शब्दांत विचारीतच आहेत. कधी ती ते मुलाखतीत विचारतात, कधी ॲप पुसून टाकून विचारतात, आणि कधी रात्री अकरा वाजता नवव्या प्रश्नापुढे शून्यावर बोट ठेवून विचारतात. शेवटचा प्रकार कोणाच्याही आलेखात उमटत नाही. तो उमटू नये एवढ्यासाठी तरी, यंत्र बसविण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे संशोधकास व संस्थेस क्रमप्राप्त आहे.